जाड ऑइल आणि अडकलेला व्हॉल्व्ह

गाडी १७ वर्षांची. डिपस्टिकवर ऑइल दर महिन्याला खाली जायचं आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेने ओघळ दिसायचे. 'जुनं इंजिन, जाड ऑइल घाल' हा सल्ला ऐकून मी ५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० भरलं. गळती जराशी कमी झाली, पण सकाळी गाडी सुरू केली की टॅपेटची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक. होणारच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला असलेल्या जाडीचा. थंड इंजिनात जाड ऑइलला वर पोचायला वेळ लागतो.

शेवटी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, साचणारे वायू बाहेर काढणारी झडप) काढून हलवून पाहिला. खुळखुळायला हवा होता, तर काजळीने पार चिकटलेला! क्रँककेसमधल्या दाबाला वाटच नव्हती, म्हणून तो दाब ऑइलला गॅस्केटमधून (कव्हरखालच्या सील करणाऱ्या पट्टीतून) बाहेर ढकलत होता. व्हॉल्व्ह, त्याचा तडकलेला रबरी पाइप आणि प्लास्टिकसारखं कडक झालेलं गॅस्केट असं सगळंच बदललं. कव्हरचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्याने) आवळले (पूर्वी एकदा अंदाजाने आवळून आटे घालवलेत). ऑइल परत मॅन्युअलमधलंच, नव्या फिल्टरसह. त्यानंतर ३,००० किलोमीटर झाले. पातळी जेमतेम हलली आहे, टकटकही थांबली.