मुलांना हाफकिन यांची गोष्ट कशी सांगावी

परळहून जाताना ‘हाफकिन’ ही पाटी पुष्कळांनी वाचलेली असते. हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मात्र मोठ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत, जे.जे.च्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली. ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या इमारतीतल्या आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना मी मे महिन्याच्या सुट्टीत ती सांगते. पहिल्या वेळी जन्मतारखेपासून सुरुवात केली, तर तिसऱ्या वाक्याला मुलं चपलांच्या पट्ट्यांशी खेळायला लागली. तेव्हापासून जन्म शेवटी सांगते. दोन दुपारी हाताशी ठेवा, एका बैठकीत हे उरकत नाही.

पायरी १ : आधी आजार, मग माणूस

आजच्या मुलांना प्लेगची भीती माहीत नाही, आणि भीती कळल्याशिवाय लस म्हणजे काय ते कळत नाही. भयंकर चित्रं दाखवू नका, शब्द पुरतात. सप्टेंबर १८९६. मुंबईचा मांडवी भाग, धान्याची गोदामं, गोदामांत मरून पडलेले उंदीर. माणसांना सणसणून ताप, काखेत आणि जांघेत गाठी. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि हा प्लेग आहे, असं सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. गावोगावी लोक घरं टाकून शिवारात झोपड्या बांधून राहिले. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारायला लावा. ‘गाठीचा ताप’ हे शब्द त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असू शकतात.

आता मुलांना विचारा, हा आजार पसरत कसा असेल? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि लगेच चूक-बरोबर करू नका. आमच्याकडे हवा, पाणी, हात लावणं, उंदीर चावणं अशी यादी झाली. मग सांगा की तेव्हाच्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नव्हतं. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली दाखवलं. म्हणजे हाफकिन कामाला लागले, तेव्हा शत्रू कुठल्या वाटेने येतो हेच कळलेलं नव्हतं. हे ऐकल्यावर मुलं सरसावून बसतात.

पायरी २ : तुपाचा थेंब

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. खडूने फरशीवर एक खोली आणि तिला लागून व्हरांडा आखा. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आल्यावर हाफकिन यांना एवढीच जागा मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मुलांना त्या चौकटीत उभं करा, म्हणजे अडचण आपोआप कळते.

मग एका काचेच्या पेल्यात कोमट, गाळलेलं सूप घ्या. शाकाहारी घरात डाळीचं वरचं निवळ पाणी चालेल. त्यावर पातळ तुपाचे चार थेंब सोडा आणि पेला हलवू नका. थेंब तरंगतात, निवले की त्यांच्या चकत्या होतात. हाफकिन यांच्या बाटल्यांत बोकडाच्या मांसाचा रस्सा होता, कारण गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं असतं तर इथल्या लोकांनी ती लस घेतली नसती. रश्श्यावर तूप. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबाला खालून धरायचे आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढायचे. बाटली हलवली की पारंब्या तुटून तळाला बसायच्या आणि थेंबाखाली नव्या फुटायच्या. असं साधारण सहा आठवडे चालायचं. मग तो रस्सा सुमारे ७० अंशांपर्यंत तापवून जंतू मारायचे. ते मेलेले जंतू म्हणजे लस.

मेलेला जंतू काय कामाचा, हा प्रश्न येतोच. मी सांगते, मेलेला चोर चोरी करू शकत नाही, पण त्याचा चेहरा पाहून ठेवला की त्याची टोळी आली तर शरीर ओळखतं. आठ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

जंतू वाढवून बघायचा हट्ट कोणी धरलाच, तर स्वच्छ नाही म्हणा. तूप आणि पेला, यापुढे घरात जायचं नाही.

पायरी ३ : १० जानेवारी १८९७

प्राण्यांवर प्रयोग करून झाल्यावर हाफकिन यांनी ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, तरी ते कामावर होते. याआधी, १८ जुलै १८९२ रोजी पॅरिसमध्ये, पटकीची (कॉलऱ्याची) लसही त्यांनी अशीच स्वतःवर घेऊन पाहिली होती. लहान मुलांना हे शौर्य फार आवडतं, म्हणून तिथेच स्पष्ट सांगा की आज लसीच्या चाचणीला नियम असतात, आणि कुठलंही औषध असं स्वतःवर करून पाहायचं नसतं.

याच ठिकाणी एकदा माझ्या भाचीने विचारलं, “मावशी, मग सावित्रीबाई कशा गेल्या? त्या तर मार्चमध्ये गेल्या ना?” शाळेतल्या धड्यातलं तिला पक्कं आठवत होतं. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले, १० मार्च १८९७, पुणे. हाफकिन यांनी सुई टोचून घेतल्याला बरोबर दोन महिने झाले होते. मी तिला फरशीवरची चौकट दाखवली. एवढी जागा, आणि बाटली तयार व्हायला सहा आठवडे. ती बराच वेळ खडूच्या रेघेकडे बघत राहिली. तुमच्याकडे कोणी हा प्रश्न विचारला नाही, तर तुम्हीच विचारा.

पायरी ४ : हरभरे मोजणं

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. काही कैदी लस घ्यायला पुढे आले, काहींनी घेतली नाही. लस घेतलेल्यांत आजारी पडणारे आणि मरणारे पुष्कळच कमी निघाले. मुलांना मूठभर हरभरे द्या, अर्ध्यांना हळद लावा, दोन वाट्या करा आणि विचारा की तुलना खरी ठरायला दोन्ही वाट्यांत काय सारखं हवं. जागा, जेवण, पाणी, उंदीर, हे मुलं स्वतः काढतात. मोठ्या मुलांना पुढचंही विचारावं की तुरुंगातला माणूस मोकळ्या मनाने ‘हो’ म्हणू शकतो का? उत्तर देऊ नका, त्यांना भांडू द्या.

इस्माइली पंथाचे प्रमुख तिसरे आगाखान यांनी त्याच साली, विशीच्या आत असताना, सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि त्यांच्या अनुयायांचा धीर वाढला, हेही जाता जाता सांगा.

पायरी ५ : मुलकोवाल

पुष्कळजण हा भाग गाळतात. दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी तो गाळू नये. पंजाबातल्या मुलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं.

इथे मुलांना तपासनीस बनवा. पुरावे एकेक करून टाका. इतर बाटल्यांतली लस घेतलेले ठणठणीत होते. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर उघडताना घाण वास आला असता, तसा वास आला नव्हता. मग चूक कुठे झाली, प्रयोगशाळेत की गावात? मुलं दहा मिनिटांत जिथे पोहोचतात, तिथे पोहोचायला सरकारला पाच वर्षं लागली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून पुढे परळला हललेली त्यांची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचं नाव दिलं गेलं ते १९२५ साली.

गेलेल्या १९ जणांचा विषय मात्र निकालापाशी सोडू नका. त्यांच्या घरी काय झालं असेल, हेही मुलांना बोलू द्या.

पायरी ६ : आता जन्म सांगा

नकाशा उघडा. ओडेसा, १५ मार्च १८६०, ज्यू घर. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. धर्म बदलायला नकार दिल्यामुळे तिथे विद्यापीठातली वाट बंद झाली. मग जिनिव्हा, पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट (तिथे सुरुवातीचं काम ग्रंथालयातलं), कलकत्ता, मुंबई आणि शेवटी लोझान, जिथे १९३० साली ते गेले. मुलांना बोटाने ही रेघ ओढू द्या. आता प्रत्येक ठिकाण त्यांना हवंसं वाटतं.

मुंबईत असाल तर एक सकाळ काढा. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आहे. तिथून भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज, मग परळ. आत जायचं असेल तर आधी विचारून घ्या. खडूची चौकट मुलांच्या डोक्यात पक्की असते, त्यामुळे भायखळ्याला पोहोचल्यावर आमच्या मुलांनी सगळ्यात आधी विचारलं होतं, “तो व्हरांडा कुठला?”