मॉरिशस-रॉड्रिग्ससाठी हिवाळी राजमा सल्ला: सगळी फरसबी नको, काही वाफे दाण्यासाठी राखा

एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत मॉरिशस आणि त्याच्या रॉड्रिग्स बेटावर राजमा-फरसबीची पेरणी साधते (पीक एकच: कोवळी शेंग ती फरसबी, वाळलेला दाणा तो राजमा). तोवर वादळांचा जोर ओसरलेला असतो. किनाऱ्याकडे दिवसाचे तापमान तिशीखाली उतरते, त्यामुळे उन्हाळ्यात होणारी फुलगळही थांबते. या दिवसांत बहुतेक शेतकरी फरसबीच धरतात, कारण ती दोन महिन्यांच्या आत बाजारात जाते. पैशाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण १०० ग्रॅम हिरव्या शेंगांत प्रथिने जेमतेम २ ग्रॅम असतात आणि तेवढ्याच वाळलेल्या राजम्यात २२ ते २४ ग्रॅम. ढोल पुरीची (डाळ भरलेल्या पोळीची) डाळ काय किंवा मसूर काय, बेटावरचे वाळलेले कडधान्य जवळपास सगळे जहाजाने येते. म्हणून निदान घरापुरता दाणा आपल्या शेतात व्हावा.

घरापुरता म्हणजे किती? पाच माणसे, प्रत्येकी ५० ग्रॅम, आठवड्यातून चार दिवस, असे धरले तर वर्षाला ५२ किलो. छोट्या शेतात साधारण व्यवस्थापनाखाली हेक्टरी एक टनाच्या आसपास दाणा निघतो, म्हणजे एका पर्शाला (इथले जमिनीचे माप, ४२ चौ. मी.) चार किलोच्या थोडा वर. तेव्हा १२-१३ पर्श पुरतात. आर्पांचा (शंभर पर्शांचा) हा जेमतेम आठवा हिस्सा. त्यासाठी सहा किलो बी लागेल.

वाण बुटका, झुडपी घ्यावा. दोन ओळींत ४५ सें.मी., दोन रोपांत १० सें.मी. आणि खोली ३ ते ४ सें.मी. ठेवा. यापेक्षा खोल पेरले तर थंड, ओल्या जमिनीत बी वर यायच्या आत कुजते. व्हाकोआ-क्यूरपीपकडच्या पावसाळी माथ्यावर माती आम्ल असते. सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर पेरणीच्या महिनाभर आधी चुना घाला, नाहीतर स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून पडते. पर्शाला ४० किलो कुजलेले शेणखत, अर्धा किलो ट्रिपल सुपर फॉस्फेट आणि २०० ते २५० ग्रॅम युरिया द्या. खत बियाला टेकू देऊ नका, ५ सें.मी. बाजूला टाका. कडधान्याला युरिया कशाला, असे विचारले जाते. राजमा हवेतला नत्र बांधण्यात तुरी-चवळीच्या मानाने बराच मागे आहे, त्यामुळे सुरुवातीचा थोडा नत्र त्याला लागतोच. रायझोबियम (मुळांवर नत्र बांधणारे जिवाणू) लावणार असाल तर पाकीट राजम्याच्याच गटाचे हवे. चवळीचे जिवाणू राजम्याच्या मुळांवर उपयोगाचे नाहीत. १० किलो बियाला २५० ग्रॅम, सावलीत चोळून, त्याच दिवशी पेरणी. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

नव्या लागणीच्या उसात दीड मीटरच्या सरीत राजम्याच्या दोन ओळी बसतात. उसापासून अर्धा मीटर अंतर सोडा. ऊस तीन-चार महिन्यांत सावली धरतो, म्हणून उशिरा येणारा वेलीचा वाण इथे घेऊ नका. खरा धोका मात्र तणनाशकाचा. डाययुरॉन किंवा हेक्झाझिनोन मारलेल्या उसाच्या जमिनीत त्याचा अंश महिनोन्‌महिने राहतो आणि राजमा त्याला फार हळवा. शंका असेल तर त्या शेतातली माती दोन कुंड्यांत आणि परसातली माती तिसऱ्या कुंडीत भरा, प्रत्येकीत दहा दाणे टोचा आणि तीन आठवडे थांबा. शेतातल्या मातीत पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या आणि परसातली रोपे हिरवी राहिली, तर त्या सरीत यंदा राजमा नको.

किडींत खोडमाशी सगळ्यात घातक. ती पहिल्या दोन पानांवर अंडी घालते, अळी देठातून खोडात आणि खोडातून जमिनीच्या पातळीपर्यंत उतरते. तिथे खोड फुगते, तडकते, रोप पिवळे पडून मरते. पाणी कमी पडले असे समजून लोक पाणी वाढवतात आणि मूळकुजही ओढवून घेतात. पिवळे रोप उपटून बुंध्याची साल नखाने सोला. आत गव्हाच्या दाण्याहून लहान तपकिरी कोष दिसले की निदान पक्के. पेरणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मातीची भर द्या, म्हणजे इजा झालेल्या जागेच्या वर नवी मुळे फुटतात आणि बरीच रोपे वाचतात. जुन्या फरसबीच्या शेजारी नवी पेरणी करू नका; काढलेल्या पिकाची धसकटे त्याच आठवड्यात उपटून नष्ट करा.

माथ्यावरच्या थंड, दमट हवेत तांबेरा आणि करपा येतात. करपा बियातून येतो. खोलगट काळे डाग असलेला दाणा खायला ठेवा, पेरायला नाही. पाने ओली असताना पिकात शिरू नका, रोग कपड्यांनी पसरतो. रॉड्रिग्समध्ये रोग कमी, पाण्याची ओढ जास्त. साठवलेले पाणी मोजकेच असेल तर ते फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांसाठी राखून ठेवा.

बांधावर तूर म्हणजे आंब्रेवाद नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच टोकायची असते, दिवस लहान झाल्यावर ती फुलते. आता लावून उपयोग नाही. कुंपणावर ग्रो प्वा (लिमा घेवडा) असेल तर पांढऱ्या दाण्याचा माहीत असलेला वाणच ठेवा. रंगीत, ठिपक्यांच्या रानटी दाण्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. १९०३ साली ते वेगळे काढले गेले तेही मॉरिशसच्याच दाण्यांतून.

राजम्याच्या दहातल्या आठ-नऊ शेंगा वाळल्या की सकाळी दवात झाडे उपटा. दुपारी उपटली तर शेंगा तडकून दाणा मातीत जातो. मळणीनंतर दाणा दाताखाली न दबता तुटला पाहिजे. खात्रीसाठी कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ हलवून पाहा. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा उन्हात घाला. कडधान्याचा भुंगा शेतातूनच दाण्यात शिरून येतो, त्यामुळे डबा स्वच्छ असूनही महिन्या-दोन महिन्यांत भोके दिसतात. खाण्याचा दाणा आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून मग काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरा. दमट, उबदार कोठीत वर्षभर पडलेला राजमा कितीही शिजवला तरी टणक राहतो. बाटल्या घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा.

शिजवताना रात्रभर भिजवून पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळा, मग मंद आचेवर मऊ करा. विजेच्या मंद आचेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. तेवढ्या उष्णतेने त्यातले लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन नष्ट होत नाही आणि चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात.