पुसले एकीकडे, गेले दोन्हीकडून

जुन्या डेस्कटॉपवरील लग्नाची चित्रफीत नव्या लॅपटॉपवर नेताना पेन ड्राइव्हने नकार दिला, कारण तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच असू शकते. म्हणून सगळा फोल्डर ऑनलाइन स्टोरेजमध्ये सिंक केला, म्हणजे इंटरनेटवरून दोन्ही संगणकांवर तो आपोआप सारखा राहील असा जोडला. लॅपटॉपवर फायलींची नावे दिसताच काम झाले असे समजून मी डेस्कटॉपवरील फोल्डर पुसला, आणि काही मिनिटांत तो लॅपटॉपवरूनही नाहीसा झाला. (घरच्यांना हे मी दुसऱ्या दिवशी सांगितले.) सिंकमधला फोल्डर दोन्हीकडे एकच असल्यामुळे एका टोकाला पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. सुदैवाने ब्राउझरमधून खाते उघडल्यावर फायली ट्रॅशमध्ये (पुसलेल्या फायलींच्या टोपलीत) सापडल्या व रिस्टोअर करता, म्हणजे दोन्ही संगणकांवर परत आणता आल्या. तरीही लॅपटॉपवर त्यांच्यापुढे ढगाचे चिन्ह होते. म्हणजे येथे केवळ नाव आणि प्रत्यक्ष फाइल सर्व्हरवर. राइट-क्लिक करून फाइल कायम संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडला, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला आणि सकाळी फायली सिंकच्या बाहेरील साध्या फोल्डरमध्ये कट न करता कॉपी केल्या. फायलींची संख्या व आकार दोन्हीकडे जुळल्यावरच डेस्कटॉप रिकामा केला.