सीसीटीओची पेलेट मोजताना: दहा हजार आला, पण कुणाचा?

सीसीटीओची, म्हणजे कॅल्शियम कॉपर टायटनेटची पेलेट (पूड दाबून भाजलेली चकती) भट्टीतून निघाली की पोरं थेट एलसीआर मीटर, म्हणजे कपॅसिटन्स आणि रोध मोजणारं यंत्र, गाठतात. एक किलोहर्ट्झला डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पोकळीच्या तुलनेत कपॅसिटन्स किती पट) दहा हजार दिसला की पेढ्यांची भाषा सुरू होते. माझा प्रश्न ठरलेला असतो: हे दहा हजार कुणाचे? ग्रेनचे (आतल्या बारीक स्फटिक-कणांचे), ग्रेन बाउंड्रीचे (कणांमधल्या सीमांचे), की वर इलेक्ट्रोड म्हणून फासलेल्या चांदीचे? 2000 साली या पेरोव्स्काइट रचनेच्या पदार्थाचे अवाढव्य आकडे गाजले. 2002 मध्ये सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी इम्पीडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मोजून दाखवलं की आतला ग्रेन बऱ्यापैकी वाहक आहे आणि करामत आहे ती त्याभोवतीच्या पातळ, विद्युतरोधक सीमेची.

पेलेटचे दोन्ही तळ एमरी पेपरवर समांतर घासून घ्या. सिल्व्हर पेस्ट लावताना ती हमखास कडेवर ओघळते. भिंगाखाली पेलेट फिरवून बघा, कडेला बारीकशी करडी रेघ दिसली तर ब्लेडने खरवडा. ती रेघ राहिली तर मीटर पेलेटऐवजी चांदीच मोजत बसेल. पावसाळ्यात पेलेट तासभर 150 अंशांवर ठेवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. छिद्रांत मुरलेली ओल कमी फ्रिक्वेन्सीला टॅन डेल्टा, म्हणजे ऊर्जेच्या गळतीचं माप, फुगवते. ओपन आणि शॉर्ट करेक्शन (टोकं मोकळी आणि जोडलेली ठेवून वायरींचा वाटा वजा करणं) त्याच होल्डरवर, त्याच वायरींनी करायचं. हे सांगावं लागतं, काय करणार.

समजा, पेलेट 10 मिमी व्यासाची आणि 1 मिमी जाड आहे. तिच्या जागी नुसती पोकळी असती तर कपॅसिटन्स 0.695 पिकोफॅरड आला असता. मीटरने 7 नॅनोफॅरड दाखवले की भागाकार साधारण दहा हजार येतो.

आता इम्पीडन्सचे दोन भाग घ्या: झेड प्राइम (रोधाचा भाग) आडव्या आणि उणे झेड डबल प्राइम (कपॅसिटन्सचा भाग) उभ्या अक्षावर काढा. दोन्ही अक्षांचं प्रमाण एकच हवं, नाहीतर चपटं वर्तुळही गोल दिसतं. खोलीच्या तापमानाला बहुधा अर्धवर्तुळ मिळणारच नाही, वर चढत जाणारी रेघ तेवढी दिसेल. बाउंड्रीचा रोध 10 मेगाओहम धरला तर अर्धवर्तुळाचं शिखर 2.3 हर्ट्झला येतं आणि आपलं मीटर सुरू होतं 20 हर्ट्झपासून. म्हणून पेलेट तापवा. दर टप्प्याला तापमान स्थिर होऊ द्या, घाई नको. 150 अंशांपर्यंत रोध दहा-बारा किलोओहमवर उतरतो, शिखर दोन किलोहर्ट्झच्या आसपास येतं आणि कमान पूर्ण दिसते.

शिखरावर 2π गुणिले फ्रिक्वेन्सी, रोध आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार 1 असतो. त्यातून कपॅसिटन्स काढा. नॅनोफॅरडमध्ये आला तर बाउंड्री, दहा-शंभर पिकोफॅरड आला तर ग्रेन, मायक्रोफॅरडकडे गेला तर इलेक्ट्रोडवर संशय घ्या.

कमानीचं डावं टोक शून्यापासून थोडं सरकलेलं असतं. तेवढा रोध ग्रेनचा. तो दहा-पंधरा ओहमच असू शकतो, त्यामुळे वायरींचा एखादा ओहमही इथे महागात पडतो. रिलॅक्सेशनचं, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीपुढे स्थिरांक घसरण्याचं, गुपितही इथेच आहे. ग्रेनचे 12.7 ओहम आणि बाउंड्रीचे 7 नॅनोफॅरड घेतले तर फ्रिक्वेन्सी निघते 1.8 मेगाहर्ट्झ, आणि स्थिरांकाची घसरण नेमकी त्याच पट्ट्यात दिसते. म्हणजे इथे डायपोल (धन-ऋण टोकांच्या जोड्या) वळत नाहीत, ग्रेनमधून आलेला चार्ज बाउंड्रीवर साचतोय. लगेच 'डीबाय रिलॅक्सेशन, डायपोलर' असं लिहून मोकळे होऊ नका.

कंडक्शनची अॅक्टिव्हेशन एनर्जी (चार्ज सरकायला लागणारी किमान ऊर्जा) काढायला बाउंड्रीच्या रोधाचा नॅचरल लॉग 1000 भागिले केल्विन तापमानासमोर काढा. चढाला 0.0862 ने गुणलं की उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळतं, लॉग 10 च्या पायाचा असेल तर 0.198 ने. सीसीटीओच्या बाउंड्रीला 0.6 च्या आसपास उत्तर यायला हवं. ग्रेनचं ते 0.1 च्याही खाली असतं, पण ते बघायला द्रव नायट्रोजनची थंडी लागते.

इलेक्ट्रोडची शंका फिटेना तर तीच पेलेट घासून निम्मी करा, पुन्हा चांदी लावा आणि मोजा. कपॅसिटन्स दुप्पट झाला तर तो पेलेटच्या आतला. जसाच्या तसा राहिला तर तुमचे दहा हजार चांदीखालच्या थराचे आहेत.