संशोधनाचं पोस्टर पाच फुटांवरून वाचता यायला हवं

आविष्कार या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या जिल्हा फेरीत एक चक्कर मारली की बऱ्याच फलकांवर पोस्टर नव्हे, शोधनिबंधच टांगलेला दिसतो. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, संदर्भ, सगळं क्रमानं आणि सगळं बारीक अक्षरात. परीक्षक समोर येतात, शीर्षक वाचतात आणि म्हणतात, "हं, सांगा, काय केलंय?" तिथंच कळतं की पोस्टरनं स्वतःहून काहीच सांगितलेलं नाही.

म्हणून संगणक उघडण्याआधी वहीत एकच वाक्य लिहा: या अभ्यासातून काय हाती लागलं? समजा, विषय सोयाबीनच्या बियाण्याचा आहे. "मराठवाड्यातील सोयाबीन बियाण्याच्या उगवणशक्तीचा अभ्यास" हे शीर्षक चूक नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. "पोतं उंचावरून टाकलं तर सोयाबीनची उगवण घटते का?" असं लिहिलं की औसा-उदगीरकडचा माणूस थांबतोच. सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, त्यामुळं आदळआपट त्याला सोसत नाही. प्रस्तावनेत एवढी दोन वाक्यं पुरतात. सोयाबीन जगात कुठं कुठं पिकतं, हे कुणीही विचारत नाही.

आकार आधी ठरवा. आविष्कारसाठी बहुधा १ मीटर बाय १ मीटर मागतात, परिषदांना ए-झिरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर चालतं. गेल्या वर्षीच्या सीनियरचं ऐकू नका, त्या वर्षीचं परिपत्रक वाचा. पॉवरपॉइंटमध्ये पहिल्यांदा 'स्लाइड साइझ'मध्ये जाऊन हाच आकार सेंटिमीटरमध्ये भरा. मजकूर टाकून झाल्यावर आकार बदलला की चित्रं ताणली जातात, आलेखातली अक्षरं विस्कटतात आणि आदल्या रात्री सगळं पुन्हा करावं लागतं. चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर जागा कोरी सोडा.

मीटरभर रुंदीत तीन स्तंभ छान बसतात. डावीकडं प्रश्न आणि पद्धत, मधला सगळा स्तंभ निकालाचा, उजवीकडं अर्थ, मर्यादा आणि तीन-चार संदर्भ. एकूण मजकूर चारशे शब्दांच्या आत ठेवा. मुख्य निष्कर्ष डोळ्यांच्या उंचीला यावा, तळाशी नाही. तळाचं वाचायला कुणी वाकत नाही.

अक्षरांचा आकार: शीर्षक ९० पॉइंट किंवा जास्त, उपशीर्षकं ४४ ते ४८, मजकूर ३०, चित्राखालच्या ओळी २४. इंग्रजी पोस्टरला मजकुरासाठी २४ ते २८ चालतो, पण देवनागरी त्याच पॉइंटला लहान दिसते. शिवाय वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर १.२ ते १.३ ठेवा. मजकुराच्या दोन्ही कडा सरळ करायच्या भानगडीत पडू नका, अरुंद स्तंभात शब्दांमध्ये खड्डे पडतात. आकार जमलाय का, हे पाहायचा सोपा उपाय: ए-झिरोचं पोस्टर ए-फोर कागदावर छापा. ते चौपटीनं लहान होतं. हातभर अंतरावरून वाचता आलं तर फलकावरही वाचता येईल.

निकालासाठी आलेख वापरा. तक्ता अगदीच लागला तर चार स्तंभ, पाच ओळी, त्याहून मोठा नको. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. ७८ आणि ७४ टक्के उगवण दाखवताना अक्ष ७० पासून धरला तर पहिला खांब दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो आणि जाणकार परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतात. त्रिमितीय खांब आणि केकसारखे गोल नकोतच. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. तेवढ्यावर एक आडवी तुटक रेघ मारली की आलेख आपोआप बोलायला लागतो. किती दाणे, किती वेळा, हे आलेखाखालीच लिहा. खांबांवर चूक-रेषा (एरर बार) असतील तर त्या प्रमाण विचलनाच्या (एसडी) आहेत की प्रमाण त्रुटीच्या (एसई), तेही लिहा. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना त्यातला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी घ्या.

पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकट. मागं शेताचा फोटो लावून त्यावर अक्षरं टाकायची हौस असेल तर ती लग्नाच्या बॅनरवर भागवा.

फोटो ३० सेंटिमीटर रुंद छापायचा असेल तर तो निदान १७७० पिक्सेल रुंद हवा, म्हणजे इंचाला दीडशे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र आक्रसलेलं असतं, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आता छपाई. खरा घोटाळा इथंच होतो. फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसतो. पॉवरपॉइंटची फाइल तिथं उघडली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडं जातात आणि 'शेतकऱ्यांच्या' या शब्दातला अर्धा र तर हमखास बिघडतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराची सरळ इंग्रजी अक्षरं होतात. सुरुवातीपासून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा युनिकोड फाँट वापरा आणि दुकानात पीडीएफच न्या. ती आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा, तिथं ठीक दिसली तर फाँट आत बसलाय. दुकानदार पीडीएफ कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो म्हणाला तर त्यातही अक्षरं मोडू शकतात. अशा वेळी त्याच पीडीएफची जेपीजी द्या: १ मीटरच्या चौरसाला ५९०६ बाय ५९०६ पिक्सेल. पॉवरपॉइंटमधून थेट जेपीजी काढू नका, ती कमी दर्जाची निघते.

आणखी एक मेख आहे. रोलची रुंदी फुटांत असते आणि १ मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडं जास्त. तीन फुटी रोलवर काढायला सांगितलं तर पोस्टर दाबून बसवलं जातं किंवा कडा जातात. चार फुटी रोलवर काढून कडा कापून घ्या. साध्या फ्लेक्सवर बारीक अक्षरं पसरतात आणि ट्यूबलाइटचा उजेड चमकतो. परवडत असेल तर मॅट व्हिनाइल घ्या. पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा छापल्यावर मळकट होतो, म्हणून आधी फूटभर तुकडा काढून रंग आणि अक्षरं तपासा. हे सगळं किमान दोन दिवस आधी करा. ऐन सणात किंवा निवडणुकीच्या दिवसांत फ्लेक्सवाल्याकडं तुमच्या पोस्टरला कोण विचारतो?

पोस्टरची घडी घालू नका, घडीवर रंग तडकतो. छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे फलकावर लावल्यावर कडा पुढं वळत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइप सव्वा मीटर कापून घेतला की एसटीच्या गर्दीतही पोस्टर शाबूत राहतं. सोबत टाचण्या, दुहेरी चिकटपट्टी, सुतळी, कात्री आणि पीडीएफ असलेला पेनड्राइव्ह.

बोलणं दोन-तीन मिनिटांचं बसवा: प्रश्न, काय केलं, काय सापडलं, पुढं काय. पोस्टरच्या बाजूला उभं राहा, समोर नाही. वाचून दाखवू नका, आलेखावर बोट ठेवून बोला. प्रश्न ठरलेले असतात. गोणपाटावर शंभर दाणे एकदाच लावले की शंभर-शंभरचे चार संच? न आदळलेल्या पोत्यातले दाणे तुलनेला घेतले होते का? सगळं बियाणं एकाच वाणाचं होतं का? कुठली संख्याशास्त्रीय चाचणी लावली आणि तीच का? यातलं किती काम तुम्ही स्वतः केलं? या शेवटच्या प्रश्नाला गाइडचं नाव सांगून सुटका होत नाही. कामाची नोंदवही पोस्टरखालच्या टेबलावर उघडी ठेवा.