मतदान यंत्र बनवताय? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट ठरतात, आणि दरवर्षी निदान दोन गट तरी 'इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र' घेऊन माझ्या टेबलाशी येतात. सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण हा विषय आला की अजूनही आनंद होतो. आर्डुइनोचा बोर्ड (प्रोग्राम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), चार-पाच बटणं, सोळा बाय दोनचा डिस्प्ले आणि एक बझर जोडला की संध्याकाळपर्यंत यंत्र मतं मोजायला लागतं. मुलांना वाटतं, झालं!

पण मोजणं हे या यंत्राचं सगळ्यात सोपं काम. नुसतं मोजायचं तर लूमवरचा, कापडातले आडवे धागे मोजणारा पिक काउंटरही मोजतो. मतदान यंत्राला दोन उलट्या दिशेची कामं एकाच वेळी करायची असतात. कुणी कुणाला मत दिलं हे कुणालाही, अगदी यंत्र बनवणाऱ्यालाही, कळता कामा नये. आणि हरलेल्या उमेदवाराला समोर बसवून 'तुझी मतं ही एवढीच' हे दाखवता आलं पाहिजे. खाली ज्या चुका सांगतोय, त्या जवळजवळ सगळ्या यातलं एक विसरल्यामुळे होतात.

एक खुलासा आधीच करतो. लोकसभा-विधानसभेची यंत्रं बंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल या दोनच सरकारी कंपन्या बनवतात. आपलं यंत्र वर्ग प्रतिनिधी निवडायला, फार तर गल्लीतल्या मंडळाच्या कार्यकारिणीला.

चूक पहिली: मतांचा आकडा एकाच जागी ठेवणं

ही चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्याच मुलांनी बनवलेलं यंत्र एका गणेश मंडळाच्या निवडणुकीत वापरलं होतं. दोन उमेदवार होते, सभासद पाचशेच्या आसपास. मतदान झालं, नोंदवहीत सह्या ४७१. यंत्रात मतं २१५. एकाला १९५ आणि दुसऱ्याला फक्त २०. ज्याला २० पडली त्याच्या मागे सकाळपासून निम्मी गल्ली उभी होती. मंडपात एकदम शांतता पसरली, मग आवाज चढायला लागले.

मी कागदावर वजाबाकी केली. ४७१ वजा २१५ म्हणजे २५६. हा आकडा पाहिला आणि काय झालं असेल ते लक्षात आलं.

मुलांनी प्रत्येक उमेदवाराची बेरीज ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, दोन बाइटमध्ये ठेवली होती. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. २५५ वरून २५६ वर जाताना दोन्ही बाइट बदलावे लागतात. खालचा २५५ चा शून्य होतो आणि वरचा शून्याचा एक. एक बाइट लिहायला साधारण साडेतीन मिलिसेकंद लागतात. दुपारी लाइट गेली होती. ती परत आल्यावर यंत्र सुरू झालं, मतदान पुढे चाललं आणि तेवढ्यात शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग एकदम सुरू झाले. व्होल्टेज खाली बसलं, अडॅप्टरने मान टाकली. नेमका खालचा बाइट लिहून झाला होता, वरचा राहिला होता. २५६ मतांचं शून्य झालं. यंत्र पुन्हा चालू झालं आणि शून्यापासून मोजत राहिलं. डिस्प्लेवर एकूण मतं दिसतच नव्हती, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. त्या संध्याकाळी वह्यांची पानं फाडून, घड्या घालून, स्टीलच्या डब्यात पुन्हा मतदान घेतलं.

असं फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. बेल्जियममध्ये २००३ साली शारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. हा दोनाचा बारावा घात. मेमरीतला एक बिट उलटला होता. तिला तिच्या स्वतःच्या यादीपेक्षा जास्त मतं दिसत होती, म्हणून ते पकडलं गेलं. अमेरिकेत २००४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्टरेट काउंटीत यंत्राची मेमरी ३००५ मतांनंतर भरली. त्यानंतरही ते मतदारांना पुढे सोडत राहिलं. ४४३८ मतं कायमची गेली.

उपाय सांगतो. बेरीज साठवू नका, मत साठवा. एका मताला एक बाइट. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८ पी मध्ये १०२४ बाइट ईईप्रॉम असते. काही जागा राखून ठेवल्या तरी वर्ग किंवा मंडळासाठी ती पुरते. उमेदवारांना १, २, ३ असे कोड देऊ नका. कोणत्याही दोन कोडांत निदान चार बिटांचा फरक राहील असे निवडा, म्हणजे एखादा बिट उलटला तरी एकाचं मत दुसऱ्याच्या खात्यात जाणार नाही, बिघाड म्हणून दिसेल. लिहिल्यावर परत वाचून पाहा आणि मगच बझर वाजवा. चिपमधला ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज फार खाली गेलं की चिप थांबवणारा भाग) चालू ठेवा, बॅटरी जोडा. भारतीय यंत्र भिंतीतल्या सॉकेटवर चालत नाही, स्वतःच्या बॅटरी पॅकवर चालतं, त्यामागे मोठा शहाणपणा आहे. मेमरी भरत आली की यंत्राने नवीन मत घ्यायला सरळ नकार द्यावा.

आणि एकूण मतं नेहमी दिसू द्या. उमेदवारवार आकडे झाकलेले, पण एकूण बेरीज उघडी. खऱ्या मतदान केंद्रावर दर दोन तासांनी आकडा कळवतात. तुम्ही अर्ध्या तासाने सह्यांशी ताडून पाहा. आमच्या मंडपात हे केलं असतं तर दुपारीच कळलं असतं.

चूक दुसरी: गुप्तता फोडणारी हुशारी

वरचा उपाय केला की मुलं लगेच पुढच्या खड्ड्यात पडतात. पहिलं मत मेमरीच्या पहिल्या खणात, दुसरं दुसऱ्या खणात. आता नोंदवही घ्या आणि सत्तेचाळिसावी सही कुणाची ते पाहा. सत्तेचाळिसाव्या खणात त्याचं मत बसलेलं आहे. गुप्त मतदान संपलं.

म्हणून खण यादृच्छिक निवडायचा. इथेही एक फसवणूक आहे. आर्डुइनोचं रँडम फंक्शन बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिल्याशिवाय वापरलं तर दर वेळी तोच क्रम देतं. मोकळ्या पिनवरून बीज घ्यायचं शिकवतात, पण त्यातून जास्तीत जास्त १०२४ क्रम निघतात, आणि तेवढे तर एखादा मुलगा लॅपटॉपवर चहा पिता पिता तपासेल. प्रत्येक मतदार बटण दाबतो त्या क्षणाचा मायक्रोसेकंदांचा टायमर दर वेळी त्यात मिसळत जा. माणसाच्या बोटाची वेळ कुणाला आधी ठरवता येत नाही.

सगळ्यात जास्त वाद माझा मुलांशी बोटाच्या ठशावरून होतो. "सर, फिंगरप्रिंट लावला की बोगस मतदान बंद." ऐकायला छान वाटतं. पण ज्या चिपला मतदार कोण हे कळलं, त्याच चिपने मत कुणाला हेही नोंदवलं, तर त्या दोन गोष्टी एकत्र येऊ नयेत याची हमी कोण देणार? ओळख पटवण्याचं काम टेबलावर, वहीत, माणसाने करावं. यंत्राला फक्त 'एक मत सोड' एवढाच इशारा मिळावा. आपल्या ईव्हीएममध्ये अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या नियंत्रण युनिटवरचं 'बॅलट' बटण नेमकं तेवढंच करतं.

शिवाय सोलापुरात बोटाच्या ठशाची गोष्ट करताना रेशन दुकानात एकदा उभं राहून बघा. हजारो बायका आयुष्यभर विड्या वळतात. तंबाखू, पान, कात्री यांनी बोटांची टोकं गुळगुळीत झालेली असतात. मशीनवर अंगठा उमटत नाही, त्या पदराला पुसून पुन्हा ठेवतात, पुन्हा उमटत नाही. रेशनला उद्या परत येता येतं. मतदानाला उद्या नसतो.

वायफाय, ब्लूटूथ, जीएसएम यांचंही तसंच. निकाल मोबाइलवर यावा ही हौस सोडा. भारतीय यंत्रात बाहेरशी बोलणारं काहीच नाही, मतदाराच्या बटणांचं बॅलट युनिट आणि नियंत्रण युनिट यांच्यात फक्त पाच मीटरची केबल (आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र, असेल तर ते).

गळती आवाजातूनही होते. एका गटाने प्रत्येक उमेदवाराला बझरचा वेगळा सूर दिला होता, छान वाटतं म्हणून. दाराबाहेर उभ्या माणसाला डोळे मिटून निकाल लावता आला असता. नेदरलँड्समध्ये २००६ साली तिथल्या यंत्रांच्या डिस्प्लेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी दुरून पकडून मतदाराची निवड ओळखता येते असं दाखवून दिलं गेलं, आणि काही काळाने तो देश कागदाकडे परत गेला. सूर एकच, दिव्याचा उजेड एकसारखा, डिस्प्ले फक्त मतदाराच्या बाजूला.

बटणांचं दुखणं

'एकदा दाबलं, दोन मतं पडली' ही तक्रार घेऊन सगळे येतात. बटणाचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून. मुलं मध्ये थोडा विलंब टाकतात आणि सुटलो म्हणतात. पण कुणी बटण दाबूनच धरलं तर विलंब संपताच दुसरं मत पडतं. बरोबर रचना अशी: टेबलावरून परवानगी मिळाली की यंत्र उघडतं, एक मत घेतं, कुलूप बंद. पुन्हा परवानगी मिळेपर्यंत शंभर वेळा दाबा, काही होणार नाही.

न दाबता मत पडत असेल तर लांब वायर तपासा. आतल्या पुल-अपचा (बटण न दाबलेलं असताना पिनला वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणाऱ्या जोडणीचा) रोध २० ते ५० किलोओहम असतो, पाच मीटर वायरीला तो कमकुवत पडतो. बाहेरून ४.७ किलोओहमचा लावा, सोबत छोटा कपॅसिटर. आणि यंत्रमागाच्या भागात डबा बंद ठेवा. हवेत तरंगणारी सुताची रुई बटणाच्या फटीत जाऊन बसते आणि बटण अडकतं. हे मी चिमट्याने काढलेलं आहे.

लेबल कुणासाठी लिहिताय?

डिस्प्लेवर इंग्रजीत 'कँडिडेट वन' लिहून आणतात. अहो, आपल्या गावात पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू. चिन्ह ठळक, नाव देवनागरीत, आणि बटण, दिवा व चिन्ह एकाच सरळ ओळीत. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीत नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोकं मधल्या ओळीत अशी मतपत्रिका होती. हजारो लोकांचं बोट चुकलं, आणि सगळ्या फ्लोरिडाचा निकाल शेवटी ५३७ मतांनी ठरला.

२०१७ ला आपल्या महापालिकेच्या १०२ जागांची निवडणूक झाली. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणजे एका मतदाराला चार मतं. माझी आई एक बटण दाबून वळली. केंद्रातल्या बाईंनी "मावशी, अजून तीन राहिली" म्हणून हाक मारली, तेव्हा ती गोंधळून परत गेली. तुमच्या यंत्रात एकापेक्षा जास्त पदं असतील तर कोणतं पद राहिलं ते त्या पदाशेजारचा दिवा लुकलुकून सांगू द्या. माणसाने हाक मारायची वेळ येऊ नये.

ऊन

एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४२-४३ अंशांना सहज पोचतं. प्रयोगशाळेत पंख्याखाली चाललेलं यंत्र पत्र्याच्या खोलीत चालेलच असं नाही. साध्या डिस्प्लेचा कॉन्ट्रास्ट उष्णतेने बदलतो, अक्षरं काळ्या पट्ट्यात बुडतात. २८ मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत भंडारा-गोंदियात व्हीव्हीपॅट एवढे बिघडले की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. जास्त उजेड आतल्या सेन्सरवर पडत होता हे कारण पुढे आलं, आणि नंतरच्या यंत्रांत त्यावर आडोसा आला. तुमच्या प्रिंटरची खिडकी खिडकीकडे तोंड करून ठेवू नका, थर्मल कागदाचा रोल गाडीत उन्हात विसरू नका.

चूक, जी सगळ्यात महाग पडते: कागद नसणं

'तुमचं मत नोंदलं' असं डिस्प्लेवर दाखवणारा प्रोग्राम आणि मत नोंदणारा प्रोग्राम एकच. तो चुकला तर दोन्हीकडे चुकेल, आणि कुणी तो मुद्दाम बदलला असेल तर गोड बोलून फसवेल. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये त्यांची यंत्रं याच मुद्द्यावर नाकारली: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे खास तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये कागदी पुरावा अत्यावश्यक ठरवला. आता चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते.

आपल्या जिल्ह्यातलं मारकडवाडी आठवा. विधानसभेचा निकाल लागल्यावर, ३ डिसेंबर २०२४ ला, माळशिरस तालुक्यातलं ते गाव स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहणार होतं. प्रशासनाने परवानगी दिली नाही, जमावबंदी लागली आणि ते थांबलं. त्या मतदारसंघात यंत्र बरोबर होतं की नाही हा इथला विषय नाही. पण यंत्र बनवणाऱ्याने त्या गावकऱ्यांचा प्रश्न आपल्याच ब्रेडबोर्डवर ठेवून बघावा: मला खात्री करून घ्यायची आहे, कशी घेऊ?

म्हणून एक छोटा थर्मल प्रिंटर जोडा. मतदाराने वाचल्यावर चिठ्ठी आपोआप बंद डब्यात पडू द्या, त्याच्या हातात देऊ नका, नाहीतर बाहेर जाऊन दाखवायची सक्ती होईल. चिठ्ठ्या एकमेकींत मिसळतील असा डबा ठेवा. एका लांब रोलवर ओळीने छापल्या की पुन्हा सत्तेचाळिसावी सही. निकालानंतर सगळ्या चिठ्ठ्या मोजा. मंडळाच्या पाचशे चिठ्ठ्यांना तासभर लागतो.

रीसेट

डब्याबाहेर रीसेटचं बटण आणि उघडा यूएसबी पोर्ट दिसला की मी तिथेच थांबवतो. दोन्ही आत, वर सही केलेली कागदी पट्टी. सुरुवातीला सगळ्यांसमोर शून्य दाखवा, मग चाचणी मतदान घ्या. खऱ्या केंद्रावर किमान ५० मतं टाकतात, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने पुसतात. चाचणीच्या चिठ्ठ्याही डब्यातून काढा. गेल्या वर्षी एका गटाने यंत्र पुसलं, सात चिठ्ठ्या आत राहिल्या आणि निकालाला सातचा फरक आला.

यंत्र मला दाखवायला आणण्याआधी एक चाचणी घरीच करा. एकाने बटण दाबत राहायचं, एकाने वहीत रेघ ओढायची, तिसऱ्याने मनाला येईल तेव्हा प्लग उपटायचा, बॅटरीसकट. दोनशे वेळा. बझर वाजला तेवढ्याच रेघा, रेघांएवढ्याच चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांएवढेच खण. एकाचा जरी फरक आला तरी तो कुठून आला ते सापडेपर्यंत झाकणाचे स्क्रू आवळू नका.