पूल क्यूच्या बटाला पुन्हा पॉलिश करताय? या चुका टाळा

बट म्हणजे पूल खेळायच्या काठीचा, अर्थात क्यूचा, मागचा जाड भाग. त्याची चकाकी गेली, दोन-चार चरे दिसले की हात थेट सँडपेपरकडे जातो. पण आधी बट नीट तपासा. शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) काढून ठेवा आणि बटाचा खालचा भाग तळव्यावर हलकेच थोपटा. खडखड आली तर बहुधा आतला वजनाचा बोल्ट सैल आहे. बटाच्या टोकाचा रबरी बंपर काढला की तो दिसतो आणि लांब दांड्याच्या पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने आवळता येतो. मग बट सपाट टेबलावर घरंगळवून पाहा. हेलकावे खात असेल तर लाकूड वाकलंय. ते घासून सरळ होत नाही, आणि तसा प्रयत्न केला तर जाडी मात्र एका बाजूने कमी होते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे नक्षी खरी आहे की छापलेली, हे न बघता घासायला लागणं. स्वस्त क्यूंवरचे पॉइंट्स (टोकदार नक्षी) पुष्कळदा पातळ डेकल, म्हणजे छापील चित्रं असतात, वरच्या पारदर्शक थराखाली चिकटवलेले. जोर लावून घासलं की नक्षी पुसली जाते आणि परत आणता येत नाही. भिंगातून छपाईचे बारीक ठिपके दिसले तर समजायचं, हे चित्र आहे. अशा बटाचा जुना थर पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. बारीक पेपरने फक्त चमक घालवा आणि त्यावरच नवा थर द्या. नामांकित कारागिराचा जुना क्यू असेल, तर मी म्हणेन हातच लावू नका. मूळ फिनिश गेलं की संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते.

पेंट रिमूव्हर आणि हीट गन या दोन्हींचा मोह टाळा. रिमूव्हर प्लॅस्टिकच्या रिंगा आणि बट कॅप (टोकाची टोपी) मऊ करू शकतो. उष्णतेने इपॉक्सी गोंद ढिला पडतो आणि जडावकाम उचकटतं. पेपरने, हळूहळू, लांब पट्टी बटाभोवती गुंडाळून घासा. एकाच जागी बोटाने दाबून घासलं की सपाट चट्टा पडतो. पॉलिश झाल्यावर उजेडात तोच आधी दिसतो. लेथ नाही म्हणून बटाची पिन (शाफ्ट जोडायचा स्क्रू) ड्रिलमध्ये पकडून फिरवणं तर नकोच. दुसरं टोक फटके मारतं आणि पिन वाकते. जॉइंटच्या, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो त्या, तोंडाला कधीही पेपर लावू नका. तिथे जॉइंट प्रोटेक्टर (टोपण) बसवून घासा, नाहीतर कडा गोल होतात आणि शाफ्ट जोडल्यावर पायरी जाणवते.

पोचा आणि तुटका भाग यांत फरक करा. नुसता दबलेला पोचा ओल्या फडक्यावर गरम इस्त्रीचं टोक टेकवून वाफेने वर येतो, पण त्यासाठी तिथलं लाकूड उघडं हवं. पॉलिशवरून वाफ आत जात नाही. लाकडाचे तंतू तुटले असतील तर वाफेचा उपयोग नाही. तिथे पातळ सुपरग्लूचे थेंब थराथराने भरून, वाळल्यावर सपाट करावेत. वाफ दिल्यावर लगेच घासू नका. फुगलेलं लाकूड कापलं जातं आणि वाळल्यावर तिथे खड्डा राहतो.

एबनी, कोकोबोलो अशा गडद लाकडाची भुकटी शेजारच्या पांढऱ्या मॅपलच्या छिद्रांत शिरून ते मळकट करते. थिनरने पुसायला गेलात तर रंग आणखी पसरतो. भुकटी व्हॅक्यूमने ओढा आणि पहिला सीलरचा (छिद्रं बंद करणाऱ्या थराचा) हात लवकर द्या. कोकोबोलोची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, त्यामुळे मास्क लावाच.

आता पॉलिश दिल्यावरच्या तक्रारी. दिवस उलटले तरी थर चिकटच आहे? कोकोबोलोसारख्या तेलकट लाकडावर ऑइल-बेस्ड पॉलियुरेथेन नीट वाळत नाही. तो थर काढा, मेण काढलेल्या शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्या, मग पुन्हा सुरुवात करा. गोल गोल खड्डे पडले तर सिलिकॉन किंवा मेण राहिलंय, म्हणजे आधीच्या क्यू पॉलिशचा अवशेष. ओघळ आले तर थर जाड दिलात. पातळ हात द्या आणि वाळेपर्यंत बट आडवा ठेवून फिरवत राहा. लॅकर पांढुरकं झालं तर हवेतला दमटपणा कारण आहे. कोरड्या दिवसाची वाट पाहा.

हाताला कोरडं लागणं वेगळं आणि थर आतपर्यंत कडक होणं वेगळं. पॉलियुरेथेनला कडक व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. त्याआधी १००० ते २००० नंबरचा वॉटर पेपर चालवला तर थर फाटतो. आणि हा पेपर चालवताना लिनन रॅपची (पकडीवर गुंडाळलेल्या दोऱ्याची) कड टेपने झाका. पाणी आत गेलं की गोंद सुटतो आणि डाग बसतो. रॅपच जुना झाला असेल तर तो आधी काढून पॉलिश करा आणि नवा शेवटी गुंडाळा. बटावर त्याच्यासाठी कापलेली खाच असते, तिथे पॉलिशचा जाड थर साचू देऊ नका, नाहीतर नवा दोरा लाकडापेक्षा वर उठलेला राहील.